बार आणि बारी

रत्नागिरीत हिप-हॉपचा कार्यक्रम म्हटला की तो फुकटच असणार, असं सगळे धरूनच चालतात. सावरकर नाट्यगृहात नाटकाचं तिकीट काढताना कुणी कुरकुरत नाही. नव्या पोरांच्या रॅपला मात्र खिशात हात घालायचा म्हटलं की कपाळाला आठी.

गंमत म्हणजे हिप-हॉपचा जन्म झाला तो तिकीट लावलेल्या कार्यक्रमात. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तेवढ्यासाठी भावंडांनी इमारतीच्या सामायिक खोलीत नाचगाणं ठेवलं. मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50. रस्त्यावरच्या खांबातून वीज ओढून बागेत फुकट वाजवणं नंतरचं, आणि ते कुणाच्या कृपेवर नव्हतं.

आपल्याकडे फुकट कार्यक्रमाचीही सुपारी कुणीतरी दिलेली असते. बॅनरवर गायकापेक्षा मोठा फोटो ज्याचा, सुपारी त्याची. मग विषय आपोआप ठरतात: आई, दोस्त, गाव, महाराज. 2011 ला काम सुरू होऊनही रखडत राहिलेला मुंबई-गोवा महामार्ग अशा व्यासपीठावर कोण काढणार? पोरं भित्री आहेत असं मी म्हणणार नाही. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघांवर रॅप गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, हे या पोरांनीही वाचलेलं असतं. ती गाणी मोबाइलवर पसरली होती. त्यांना सुपारी लागली नव्हती.

मराठी रॅपचा एकूण हिशेब मांडला तर आज चित्र वाईट नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचा एमसी मवाली मराठीत लिहितो. या मंडळींनी 2019 मध्ये आरेच्या जंगलासाठी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर नाव लिहितो '100आरबीएच'. 100 चा उच्चार 'सौ' करायचा, की झाला सौरभ. 2024 चं 'तांबडी चामडी' तर स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. त्याचा ठेका हाउसचा, क्रेटेक्सचा. शब्द श्रेयस सागवेकरचे. आडनाव ऐकून राजापूरचं सागवे आठवतं, पण गाण्यात कोकण शोधू नये.

माझी खरी तक्रार यमकाची आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'केलं-गेलं-झालं' अशी यमकं न मागता मिळतात. नवखा रॅपर त्यावरच सोळा ओळी काढतो. मेहनत करणारा वाक्य उलटवतो, क्रियापद मधे ढकलतो, शेवटी जड नाम आणून ठेवतो. मग 'ळ' आणि 'ट' ठेक्यावर हातोड्यासारखे पडतात. रत्नागिरीच्या पोरांकडे तर संगमेश्वरी बोली घरचीच आहे. तरी माइक हातात आला की तिच्यावर मुंबईची हिंदी चढते.

आणि ही पोरं वाढली कुठे? शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरी पक्षांच्या सवाल-जवाबांच्या मुलखात. गणपतीत रात्री वाडीतल्या खळ्यात जाखडीचा नाच लागतो, पायांतल्या चाळांनी जमीन घुमते. गण होतो, गवळण होते आणि मग शक्तीवाला शाहीर समोरच्याला सवाल टाकतो. झांज थांबते. तुरेवाल्याकडे सगळ्यांचे डोळे. पुराणातला दाखला त्याला तिथल्या तिथे, चालीत बसवून द्यायचा असतो. जमला तर कुणी म्हातारा उठून नोट देतो; नाही जमला तर पुढच्या वर्षापर्यंत वाडी विसरत नाही. रॅपर ज्या ओळीला 'बार' म्हणतो, त्याच्या शेजारीच आपल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचा 'बारी' हा शब्द उभा आहे. बारीत मात्र समोर जाब मागणारा माणूस असतो.

फुकटच्या रॅपमध्ये तो नसतो. मागे आवाजासकट ट्रॅक चालू, पोरगा अधूनमधून शेवटचा शब्द धरतो, बाकी वेळ 'हात वर करा'. श्वास कुठे तुटला, शब्द कुठे घसरला, काही कळत नाही. ऐकणाऱ्याने काही मोजलेलं नसतं, म्हणून तोही काही मागत नाही. उलट परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी तिकीट काढून शक्ती-तुरा ऐकला. बरी बारी आणि वाईट बारी यांतला फरक त्यांना नेमका ठाऊक होता.

फुकट ठेवायचं तर ठेवा, हरकत नाही. पण येत्या गणपतीत दोन पोरांना समोरासमोर बसवा, ट्रॅक बंद करा आणि पहिला सवाल एखाद्या जुन्या शाहिराला टाकू द्या. साथीला ढोलकीवाला मात्र जाखडीतलाच हवा. चुकलेला बार झाकायची त्याला सवय नसते.