रौप्यपात्रांची पारख आणि त्यांची नावे : एक चिकित्सा

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांत चांदीच्या जुन्या भांड्यांची पारख करण्याची जी रीत रूढ आहे, ती मूलतः सराफी रीत आहे. भांडे काट्यावर चढते, कसोटीवर घासले जाते, डाखाची तूट वजा होते आणि उरलेल्या चांदीची किंमत मोडीच्या दराने सांगितली जाते. धातूचे मूल्य काढण्यास ही रीत योग्यच आहे. परंतु ताट, तबक किंवा गुलाबदाणी ह्यांचे मूल्य तिने निघत नाही. आणि ज्या पुराव्यावर ते मूल्य अवलंबून असते, त्याकडे ती पाहतही नाही.

ह्या भागात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी तालुक्यांतील गलाई कारागीर सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरले आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी दुमत नाही. पण मुशीत गेलेले भांडे परत येत नाही. २०२५ साली चांदीच्या भावाने पूर्वीचे विक्रम मोडले, तेव्हा घरातील जड ताट विकण्याचा मोह अनेकांस झाला असल्यास नवल नाही.

इंग्रजी ग्रंथ वाचून संग्रह करणारे रसिक दुसऱ्या टोकाला जातात. ते भांडे उलटे करून प्रथम छाप शोधतात. इंग्लंडात हे युक्तच आहे. तेथे हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याची ग्वाही चालत्या सिंहाची खूण देते, आणि वर्षाक्षरावरून साल कळते. आपल्याकडे तशी सक्तीची व्यवस्था नव्हती. चांदीसाठी भारतीय मानक ब्यूरोची मुद्रांकन योजना २००५ साली सुरू झाली. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी, मद्रासची पी. ऑर कंपनी, भूजचे उमरसी मावजी ह्यांच्या कामावर त्यांच्या खुणा आढळतात. खेड्यापाड्यांतील सोनाराने ठोकून घडविलेल्या वाटीवर त्या शोधणे व्यर्थ होय. छाप नाही म्हणून भांडे हलके ठरत नाही. उलट जुन्या घाटाच्या भांड्यावर ९२५ हा आकडा ठळक उमटलेला दिसल्यास सावध व्हावे. विजेच्या साह्याने मुलामा देण्याची कृती १८४० नंतर प्रचारात आली. तेव्हा झिजलेल्या कडांवर तांबूस झाक दिसते काय, हेही पाहावे.

छाप नसेल तर भांडे बोलते कशाने? त्याच्या नावाने व त्याच्यावरील अक्षरांनी. तबक हा शब्द अरबी, तस्त फारसी. गुलाबदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी ह्यांतील उत्तरपदही फारसीच. चौफुला मात्र मराठी. जेवणाच्या ताटाभोवतीची नावे, म्हणजे वाटी, तांब्या, फुलपात्र, पळी ही देशी, आणि पंगत उठल्यावर पानसुपारीच्या वेळी पुढे येणाऱ्या सरंजामाची नावे बव्हंशी दरबारी, ही विभागणी अर्थपूर्ण आहे. तांब्या व ताम्हन ह्या नावांत तर तांबे हा धातूच दडला आहे, तरी 'चांदीचा तांब्या' म्हणताना कोणास विसंगती जाणवत नाही. नाव धातूचे राहिले नाही, घाटाचे व उपयोगाचे झाले. लिलावाच्या सूचिपत्रांत चौफुल्याला 'मसाल्याचा डबा' असे इंग्रजी नाव मिळते, तेव्हा तो पानसुपारीच्या तबकातून उचलून स्वयंपाकघरात ठेवला जातो. ही केवळ भाषांतराची चूक नव्हे. त्याच्या जोडीच्या वस्तू कोणत्या, हे ज्ञानच त्यामुळे हरपते, आणि त्यानुसार किंमतही चुकते.

अक्षरांचा पुरावा अधिक नेमका, पण अधिक फसवा. समजा, एका तबकावर १२४८ एवढाच अंक आहे. तो फसली सन मानल्यास इ.स. १८३८-३९ येते, म्हणजे साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. सप्टेंबर १८३९ मध्ये ते पदच्युत झाले. तोच सुहूर सन मानल्यास १८४७-४८ येते, म्हणजे शहाजी महाराजांच्या कारकीर्दीची अखेर. एप्रिल १८४८ मध्ये त्यांच्या निधनानंतर डलहौसीने ते राज्य खालसा केले. हिजरी मानल्यास १८३२-३३. सन कोणता हे ठरविल्यावाचून 'प्रतापसिंहकालीन' अशी चिठ्ठी लावणे म्हणजे विक्रेत्याची सोय पाहणे होय.

बुडाशी कोरलेले वजनही उपेक्षिले जाते. १८३५ नंतरचा कंपनी रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणून रुपयाभार वजन आजच्या काट्याशी ताडून पाहता येते. थोडी घट झिजेची असते. आजचे वजन कोरलेल्या वजनापेक्षा अधिक भरल्यास मात्र झाकण, कान किंवा बूड मागाहून बसविले असावे. वजन ग्रॅममध्ये असल्यास ते अक्षर बहुधा १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतरचे. 'चांदीचें', 'भांडें' असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची सवय दाखवितात. पण जुन्या वळणाची माणसे ते पुढेही लिहीत राहिली, तेव्हा एवढ्यावरून निर्णय देऊ नये. अक्षर झिजेच्या खाली आहे की झिजलेल्या पृष्ठावर नव्याने ठोकलेले आहे, हे भिंगातून पाहिल्यास अधिक कळते. दुर्दैवाने विक्रीपूर्वी भांडे यंत्रावर घासून चकचकीत करण्याची प्रथा आहे, आणि टिंबांनी कोरलेली नावे तीत प्रथम पुसली जातात.

सर्वांत मोठी हानी मात्र बाजारात होत नाही, घरात होते. वाटणीच्या वेळी भाऊ चांदी वजनाने सारखी करतात. एकाकडे तबक जाते, दुसऱ्याकडे गुलाबदाणी, तिसऱ्याकडे अत्तरदाणी व दोन वाट्या. वजनाचा न्याय पुरेपूर होतो, परंतु संच मोडतो, आणि सुट्या नगास संचातील नगाएवढे मोल संग्राहक देत नाही. येथे नावे उपयोगी पडतात. एकाच ठोक्याच्या टिंबांनी, एकाच वळणाने लिहिलेले तेच नाव साताऱ्यातील तबकावर व मिरजेतील गुलाबदाणीवर आढळले, तर दोन्ही एकाच संचातील असण्याचा संभव मोठा. म्हणून भांडे घासण्यापूर्वी बुडावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने अक्षरांचा ठसा घ्यावा, आणि घरातील वृद्ध स्त्री त्या भांड्यास कोणत्या नावाने ओळखते ते त्याच कागदावर टिपावे.