एका रक्तनमुन्यावरून 'यामुळे' लिहू नका : लोह, जड धातू आणि किडनी

समजा, तुमच्यासमोर एक पेपर आहे. हजारो लोकांचं रक्त एकदाच घेतलंय. त्यात फेरिटिन, शिसं आणि कॅडमियम मोजलंय, क्रिएटिनिनवरून इजीएफआर काढलाय. निष्कर्ष असा : लोह कमी, म्हणून धातू जास्त शोषले गेले, म्हणून किडनी बिघडली. अमेरिकेतल्या 'एनहेन्स' सर्वेक्षणासारख्या खुल्या आकडेवारीवर या धाटणीचं काम करणं सोपं आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही असंच वाक्य ठोकलं होतं. गाइडनी फक्त 'यामुळे' या शब्दाभोवती गोल केला.

मूळ कल्पना चुकीची नाही, हे आधी मान्य करू. आतड्यात लोह आत घेणारं डीएमटी-1 हे वाहक प्रथिन कॅडमियमलाही आत घेतं, आणि लोह कमी पडलं की त्याचं प्रमाण वाढतं. 1978 साली फ्लॅनगन आणि सहकाऱ्यांनी माणसांवर मोजमाप केलं. लोहसाठा पुरेसा असलेल्यांनी दिलेल्या कॅडमियमपैकी सरासरी 2.3 टक्के शोषलं, साठा कमी असलेल्यांनी 8.9 टक्के. म्हणजे साखळीची पहिली कडी भक्कम आहे. अडचण पुढच्या कड्यांची आहे.

पहिली अडचण फेरिटिनची. शरीरात दाह असला की फेरिटिन वाढतं, आणि किडनीच्या जुनाट आजारात दाह बहुधा असतोच. निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 15 आहे. पण केडिगोच्या 2012 च्या मार्गदर्शनात, ॲनिमिया असलेल्या किडनीच्या रुग्णात ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 30 टक्क्यांपर्यंत असेल, तर फेरिटिन 500 पर्यंत असतानाही लोह देऊन बघण्याचा विचार करायला सांगितलाय. मग पेपरमधला 'लोह नॉर्मल' गट खरंच नॉर्मल आहे का?

दुसरी अडचण शिशाची. रक्तातलं 95 टक्क्यांहून जास्त शिसं तांबड्या पेशींत असतं. ॲनिमियात पेशीच कमी, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो. उलट, शिसं बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. ती थकली की शिसं साठून आकडा वाढू शकतो. दोन चुका, दोन विरुद्ध दिशांना!

तिसरी अडचण बाणाच्या दिशेची. किडनीच्या आजारात हेप्सिडिन वाढतं आणि लोहाचं शोषण अडतं, शिवाय डायलिसिसमध्ये रक्त जातं. म्हणजे लोहाची कमतरता हे कारण नसून परिणामही असू शकतो. एका दिवसाच्या नमुन्यात आधी काय आणि नंतर काय, हे दिसत नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. असा निष्कर्ष बातमीत गेला की त्याचं 'लोहाच्या गोळ्या घ्या, धातू निघून जातील' असं होतं. लोह देऊन ॲनिमिया सुधारेल, पण किडनीत 10 ते 30 वर्षं मुक्काम ठोकणारं कॅडमियम त्यानं धुऊन निघत नाही. आणि किडनीच्या रुग्णानं मनानं गोळ्या सुरू करणं बरोबरही नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की चार गोष्टी शोधा : ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मोजलंय का? सीआरपी मोजलाय का? हिमॅटोक्रिट हिशेबात धरलाय का? आणि तेच लोक काही वर्षांनी पुन्हा तपासलेत का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पेपर फेकून देऊ नका. फक्त 'यामुळे' खोडून तिथे 'यासोबत' लिहा, आणि मग वाचा.