स्वेद, कंप आणि प्राणायाम

हठप्रदीपिकेने प्राणायामाच्या कनिष्ठ अवस्थेचे लक्षण स्वेद आणि मध्यम अवस्थेचे कंप मानले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णास हा निकष लागू पडत नाही. या व्याधीत मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे मायेलिन-आवरण नष्ट होते. देहाची उष्णता किंचित वाढली तरी संदेशवहन मंदावते, आणि कंप तर व्याधीचेच लक्षण असू शकते. म्हणून कोपरसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत अशा रुग्णास भस्त्रिकेचा आग्रह अनुचित होय. कुंभकाविना संथ श्वसन अधिक युक्त. ही चिकित्सा परंपराबाह्य नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगाच्या कसोटीवर घासल्या. ग्रंथोक्त लक्षणे रुग्णपरत्वे तपासणे हाच त्या परंपरेचा खरा आदर होय.