मुळं सापडली, पण चेंडू जमिनीखाली

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘वर्गसमीकरणे’ हे प्रकरण आहे. त्यात एक ठरलेला प्रकार येतो: मुळं दिली आहेत, वर्गसमीकरण तयार करा. रीत तुम्हालाही पाठ असेल. क्ष² − (मुळांची बेरीज)क्ष + (मुळांचा गुणाकार) = ०. मार्क हमखास. सूत्र बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. उत्तर आलं की गणित संपलं असं जे वाटतं, त्याबद्दल आहे.

एक चेंडू सरळ वर फेकू. हवेचा विरोध सोडून द्या. ० सेकंदाला तो जमिनीवरून निघाला आणि २ सेकंदांनी परत जमिनीवर आला. म्हणजे उंची शून्य होण्याच्या वेळा ० आणि २, हीच मुळं. वेळेला ट म्हटलं तर सूत्रातून येतं ट² − २ट = ०. पूर्ण मार्क! आता हेच ट² − २ट उंची म्हणून वापरा आणि ट = १ घाला. उत्तर उणे १. चेंडू जमिनीखाली एक मीटर.

घोटाळा कुठे झाला? समीकरणात उजवीकडे शून्य असतं. त्याला ५ ने गुणा, नाहीतर उणे ७ ने, मुळं तीच राहतात. म्हणून सूत्र पहिला सहगुणक खुशाल १ धरतं. फलाला, म्हणजे फंक्शनला, ही सवलत नाही. तिथे उंची = अ × ट(ट − २) असं लिहावं लागतं, आणि हा अ मुळांमधून कधीच कळत नाही. पृथ्वीवर तो उणे ४.९, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्मा. चेंडू ४.९ मीटर वर जातो. चंद्रावर तो उणे ०.८१. तिथेही दोनच सेकंद हवेत राहिलेला चेंडू (हवा नाही, पण म्हणायची पद्धत) जेमतेम कमरेएवढा चढतो. मुळं तीच, गोष्ट वेगळी. सगळं भौतिकशास्त्र त्या अ मध्ये बसलंय, आणि आपण नेमका तोच गाळतो.

मग अ काढायला काय हवं? आणखी एक माहिती, पण खरोखर नवी. ‘आलेख ट = १ भोवती सममित आहे’ असं कुणी सांगितलं तर ती तिसरी माहिती वाटते, पण ती फुकट आहे. ० आणि २ च्या मधोमध १ च येणार. याउलट शिरोबिंदू (१, ४.९) दिला असेल तर तो एकटा दोन गोष्टी सांगतो: आलेख इथून जातो, आणि इथेच वळतो. त्याच्या जोडीला दुसरा एकच बिंदू पुरतो. फक्त तोही नवा हवा. (०, ०) घेतलात तर (२, ०) ची गरज उरत नाही, तो त्याचंच प्रतिबिंब आहे. अज्ञात तीन म्हणून वाक्यं तीन मोजू नका, स्वतंत्र अटी मोजा. पुस्तकात असं गणित हवं, ज्याचं उत्तर ‘माहिती अपुरी आहे’ असं येईल.

हे दहावीपुरतं राहत नाही. माझ्या पीएचडीच्या कामात वर्णपटातलं शिखर नेमकं कुठे आहे ते शोधावं लागतं. समजा ५००, ५०१ आणि ५०२ नॅनोमीटरला तीव्रता ९०, १०० आणि ९४ आली. सगळ्यात मोठं वाचन ५०१ ला, पण खरं शिखर थोडं उजवीकडे असणार. तीन बिंदूंतून एकच पॅराबोला जातो. ५०१ पासूनच्या अंतराला द म्हटलं, तर तीव्रता = १०० + २द − ८द². शिखर ५०१.१२५ ला. छान. मात्र एका रेषेत नसलेल्या कुठल्याही तीन वाचनांतून पॅराबोला इतकाच चपखल बसतो, वाचन चुकलेलं असलं तरी. त्यामुळे ‘तंतोतंत जुळलं’ याला इथे काही किंमत नाही. चौथं वाचन घेतलं तरच काही कळतं, तेही शिखराच्या जवळचं. कारण हेच सूत्र ५०५ ला नेलंत तर द = ४, आणि तीव्रता येते उणे २०. चेंडू पुन्हा जमिनीखाली.