‘गबन’ : कर्ज, ऋण आणि समाधान

प्रेमचंदांची ‘गबन’ (१९३१) ही हिंदी कादंबरी दागिन्यांच्या हव्यासाची कहाणी म्हणून ओळखली जाते. जालपाला चंद्रहार हवा असतो. रमानाथ तिच्यासाठी उधारी वाढवतो, नगरपालिकेच्या रकमेला हात लावतो आणि अखेर कलकत्त्याला पळून जातो. परंतु स्त्रीच्या अलंकारप्रेमावर सारा दोष ठेवणारे हे वाचन अपुरे आहे. घरची खरी परिस्थिती जालपाला कोणी सांगितलेलीच नसते. रमानाथने वैभवाच्या बढाया मारलेल्या असतात आणि त्या उघड्या पडू नयेत म्हणून तो प्रथम पत्नीचेच दागिने रात्री चोरतो. कादंबरीचा खरा विषय हौस नसून प्रतिष्ठेचा देखावा हा आहे.

या दृष्टीने रमानाथचे वडील दयानाथ यांची व्यक्तिरेखा महत्त्वाची ठरते. कचेरीत नोकरी करणारा हा गृहस्थ लाच घेत नाही. अल्प वेतनात संसार चालवतो. तरीही मुलाच्या लग्नात लोक काय म्हणतील या धाकाने तो उधारीवर दागिने घेतो. त्याचे समाधान प्रामाणिक आहे, पण ते चारचौघांच्या नजरेपुढे टिकत नाही. परिस्थितीने लादलेली अल्पसंतुष्टता आणि जाणीवपूर्वक निवडलेले समाधान यांतील अंतर प्रेमचंदांनी येथेच सूचित केले आहे.

हे दुसरे समाधान जालपाच्या वाट्याला येते. सत्य कळताच ती दागिने विकून अपहाराची रक्कम भरते आणि विलासाच्या वस्तू गंगेत सोडून देते. मात्र त्याग हा तिच्या प्रवासाचा शेवट नव्हे. कलकत्त्यात पोलिसांच्या दडपणाखाली रमानाथ खोटी साक्ष देतो. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या दिनेशच्या कुटुंबाची सेवा जालपा पत्करते. मराठीत कर्जालाही ‘ऋण’ म्हणतात आणि उपकाराच्या जाणिवेलाही. जालपाचे परिवर्तन या दोन अर्थांच्या दरम्यान घडते. सराफाचे देणे फिटते. आपल्या सुखाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली, हे देणे मात्र पैशाने फिटत नाही. उलट रमानाथ देवीदीन खटिकाच्या घरी आश्रय मिळवूनही कृतज्ञतेला जागण्याइतके धैर्य दीर्घकाळ दाखवू शकत नाही.

समाधानाचा हा गौरव भाबडा ठरत नाही, याचे श्रेय रतनच्या उपकथेला आहे. श्रीमंत वकिलाची ही पत्नी वैधव्यानंतर पुतण्याच्या हाती सारी मालमत्ता गमावते. एकत्र कुटुंबातील विधवेला पतीच्या हिश्श्यात मर्यादित अधिकार देणारा कायदा १९३७ मध्ये, म्हणजे या कादंबरीनंतर झाला. ज्याला हक्कच नाही त्याला संतोषाचा उपदेश करणे हा अन्याय होय, ही जाणीव रतनच्या दुर्दशेतून तीव्रतेने व्यक्त होते. जालपाने सोडले, रतनकडून हिरावले गेले. या दोन अवस्थांची गल्लत लेखकाने होऊ दिलेली नाही.

प्रयागजवळ गंगाकाठी शेती करून राहण्याचा शेवट काहीसा घाईने उरकलेला आणि आदर्शवादी वाटतो, हे मान्य करावे लागते. तथापि तेथेही रतनचा मृत्यू होतो आणि पूर जोहराला गिळतो. साधे जीवन दुःखापासून संरक्षण देत नाही. ते केवळ खोटेपणापासून मुक्त करते. ‘गबन’मधील समाधानाचा आशय एवढाच आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय आहे.