नैसर्गिक बांधांचे आयुष्य : एका वर्गीकरणाची चिकित्सा

नैसर्गिक बांध कसे तयार होतात व कसे फुटतात, याविषयी जॉन कोस्टा आणि रॉबर्ट शूस्टर यांचा निबंध १९८८ साली ‘जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. या विषयाच्या अभ्यासकांना तो आधारभूत वाटत आला आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि कोणतेही वर्गीकरण ज्या उदाहरणांवर उभे असते, त्यांच्या मर्यादा त्यालाही येऊन चिकटतात. पनवेलजवळ गाढी नदीच्या परिसरात वसलेल्या करंजाड्याच्या संदर्भात हा निबंध वाचला म्हणजे या मर्यादा विशेष जाणवतात.

निबंधाचे पहिले श्रेय असे की, बांधाचे द्रव्य आणि पुराचे स्वरूप यांचा संबंध त्याने स्पष्ट केला. दरड कोसळून नदी अडते तेव्हा माती-दगडांची ती रास सैल असते. तिला सांडवा नसतो. पाणी माथ्यावरून ओसंडू लागले की ते स्वतःच आपली वाट खणते. वाट खोल होते तसा विसर्ग वाढतो आणि विसर्ग वाढतो तशी वाट अधिक खोल होते. हिमनदीच्या बर्फाने अडलेले पाणी मात्र बहुधा बर्फातील बोगद्यावाटे बाहेर पडते. म्हणून समान स्थितिज ऊर्जा असताही त्याचा पूर तुलनेने लहान ठरतो.

दुसरे श्रेय कालगणनेचे. फुटलेल्या ७३ दरडबांधांपैकी २७ टक्के एका दिवसाच्या आत, ४१ टक्के आठवड्याच्या आत आणि ८५ टक्के वर्षाच्या आत फुटले, असे निबंधकार दाखवितात. आमचा आक्षेप येथेच आहे. नोंद होते ती कोणाच्या तरी दृष्टीस पडलेल्या बांधाची. पावसाळी रात्री एखाद्या घळीत घटकाभर टिकून वाहून गेलेला बांध पुराच्याच खाती जमा होतो. म्हणजे अल्पायुषी बांधांचे प्रमाण या यादीत कमीच दिसत असले पाहिजे.

गढवालातील गोहना येथील उदाहरण याच दृष्टीने तपासावे. सप्टेंबर १८९३ मध्ये दरडीने बिरही गंगा अडली. सरोवर भरण्यास सुमारे वर्ष लागले; त्या अवधीत तारायंत्राची व्यवस्था झाली व खालच्या वस्त्या हलविण्यात आल्या. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला, श्रीनगर गाव उद्ध्वस्त झाले; पण मनुष्यहानी पाच जणांपुरतीच राहिली. हे यश व्यवस्थेचे खरे. परंतु तिला वेळ मिळाला तो बांधाच्या प्रचंड आकारामुळे.

सह्याद्रीत असा वेळ गृहीत धरता येत नाही. महाड तालुक्यातील जुई व दासगाव (२००५), तळिये (२०२१) आणि खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी (२०२३) येथे जुलैच्या अतिवृष्टीत दरड थेट वस्तीवर आली. तशीच माती अरुंद घळीत उतरली तर तिचा बांध होतो. असा बांध १० मीटर उंच असून त्यामागे १०,००० घनमीटर पाणी साचले, असे कल्पू. त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे शंभर कोटी ज्यूल भरते. हिमोढांचे बांध सर्वांत मोठे पूर आणतात असे निबंधात म्हटले आहे ते जेथून पुढे, त्या मर्यादेचा हा शंभरावा हिस्सा. पण हे पाणी पाच मिनिटांत निघून गेले तर सरासरी विसर्ग सेकंदास सुमारे ३३ घनमीटर होतो. करंजाड्यापर्यंत येईतो हा लोंढा गाढीच्या पात्रात बराचसा विरेल. तेथे अतिवृष्टी आणि पनवेल खाडीची भरती यांचा मेळ हीच मोठी चिंता. माथेरानच्या पायथ्याशी ओढ्याकाठी असलेल्या वाडीला मात्र तोच लोंढा जीवघेणा ठरेल. नदीची पातळी केवळ खाली पनवेलजवळ मोजली, तर त्या वाडीस इशारा मिळणार नाही.

म्हणून ऊर्जेच्या आलेखाबरोबर एका साध्या खुणेलाही शास्त्रात स्थान हवे. मुसळधार पाऊस चालू असता ओढ्याचे पाणी एकाएकी ओसरले, तर ते वर कोठेतरी अडले असावे असे समजून तत्काळ काठ सोडून उंचावर जावे. आणि गाढीच्या उगमाकडील घळींतून दर पावसाळ्यानंतर अशा बांधांचे अवशेष शोधून नोंदविण्याचे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. कोस्टा-शूस्टर यांच्या यादीत जी उणीव आहे, ती अशा नोंदींनीच भरून निघेल.