'व्होग'ची खुर्ची आणि खुर्चीमागचा माणूस

अमेरिकी 'व्होग'चा इतिहास राण्यांच्या वंशावळीसारखा सांगण्याची प्रथा आहे. व्रीलँड गेल्या, मिराबेला आल्या. मिराबेला गेल्या, विंटूर आल्या. या मांडणीत दोन माणसे हमखास झाकली जातात.

पहिल्या एडना वूलमन चेस. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये साप्ताहिक म्हणून निघालेल्या या पत्रात त्या १८९५ मध्ये लिफाफ्यांवर पत्ते घालायला लागल्या आणि १९१४ ते १९५२ संपादक राहिल्या. जून १९४५ च्या अंकात ली मिलर यांनी टिपलेली नाझी छळछावण्यांची छायाचित्रे छापली गेली, तीही चेसबाईंच्याच कारकिर्दीत. 'नटव्या बायकांचे मासिक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो अंक जरूर पाहावा.

दुसरे अलेक्झांडर लिबरमन. हे 'व्होग'चे संपादक कधीच नव्हते. १९४३ पासून कलादिग्दर्शक, आणि १९६२ ते १९९४ अख्ख्या कोंडे नास्ट कंपनीचे संपादकीय संचालक. व्रीलँड यांना 'हार्पर्स बझार'मधून आणले तेव्हा ते होते, १९७१ मध्ये त्यांना काढले तेव्हाही होते. १९८८ मध्ये मिराबेला गेल्या, तेव्हाही होतेच!

ग्रेस मिराबेला यांच्यावर मात्र अन्याय झाला आहे, असे माझे मत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला घालता येतील असे कपडे त्यांनी पानांवर आणले आणि खप चार लाखांवरून बारा लाखांवर नेला. तरी आपली गच्छंती त्यांना दूरदर्शनवरच्या बातमीतून कळली. व्रीलँड यांचे 'डी. व्ही.' हे आत्मकथन वाचायला बहारदार, पण साक्ष म्हणून कच्चे. त्यातल्या थापा त्यांनी लपवल्याही नाहीत. मिराबेलांचे १९९५ चे आत्मचरित्र रुक्ष आणि दुखावलेले आहे, पण मालक आणि संपादक यांच्यातला व्यवहार त्यातूनच कळतो. आपण अभ्यासक रंगतदार साक्षीदाराला भुलतो, ही खोड जुनीच.

विंटूर यांचे पहिले मुखपृष्ठ, नोव्हेंबर १९८८ चे, जीन्सवर रत्नजडित क्रूसाचे जाकीट घातलेल्या तरुणीचे, सर्वज्ञात आहे. त्याहून बोलके २०२५ साल. विंटूर पायउतार झाल्या. क्लोई मॅल यांना 'मुख्य संपादक' हे पद मिळाले नाही, मिळाले 'संपादकीय आशयप्रमुख' हे. आणि विंटूर कंपनीच्या मुख्य आशय अधिकारी म्हणून कायम आहेत. लिबरमन बसत, साधारण तिथे.